शेवटच्या पंगतीची यादी

कवी माणसाला व्यवहारातलं कुणी काही विचारत नाही, आणि ते बरंच असतं. पण गेली दोन-तीन वर्षं आमच्या लोणखेड्यात कुणाकडे मोठं कार्य निघालं की घरातलं एखादं माणूस संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतं. चहा होतो, पीक-पाण्याच्या गप्पा होतात, आणि मग हळूच विचारतात, ‘सर, ती तुमची वही जरा द्याल का?’ पहिल्या वेळी मला वाटलं, कवितांची वही मागतायत. मी लगबगीनं आत गेलो आणि आणली. त्यांनी ती विनयानं चाळली, परत दिली आणि म्हणाले, ‘ही नाही, ती जेवणाची.’

तर आज त्या जेवणाच्या वहीबद्दल बोलायचं आहे. आठशे माणसांचं जेवण कसं पार पाडावं, हा विषय. ऐकायला किरकोळ वाटतो. पण ज्यानं आपल्या दारात एकदा तरी मांडव घातला आहे, त्याला माहीत आहे की त्या दिवशी घराची अब्रू चुलीवर चढवलेली असते.

लोणखेडा म्हणजे शहाद्याला लागून असलेलं गाव. मध्ये गोमाई नदी. आजूबाजूला ऊस, केळी, पपई, कापूस. उत्तरेला सातपुडा. १९९८च्या जुलैपासून आमचा जिल्हा नंदुरबार झाला, त्याआधी धुळे. गावात गुजर पाटील आहेत, भिल्ल आहेत, इतर सगळे आहेत आणि आमची मुसलमानांची घरंही आहेत. कुणाकडेही कार्य असलं तरी सगळ्यांना सांगावं लागतं, आणि सगळे येतात.

वहीची सुरुवात झाली ती एका फजितीतून. एप्रिल १९९४. माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह. मी दोनच वर्षांपूर्वी बी.ए. झालेलो, म्हणजे घरातला सर्वांत शहाणा माणूस. अब्बांनी जेवणाचा हिशेब माझ्याकडे दिला. मी दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या, घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, असे रकाने केले. बेरीज आली पाचशे चाळीस. वर पन्नास माणसं जास्तीची धरली. चाचांनी विचारलं, ‘सगळे धरलेस ना?’ मी म्हटलं, ‘एकही घर सुटलं नाही.’ आणि खरोखरच सुटलं नव्हतं.

वऱ्हाड जेवलं, गाव जेवलं, नदीपलीकडचे पाहुणे जेवले. पुलाव, दालचा, जर्दा. जो तो अब्बांचा हात हातात घेऊन ‘इंतजाम छान झाला’ म्हणत होता. मी कौतुक गोळा करत मांडवात फिरत होतो. साडेचार वाजता बँडवाले जेवायला बसले. मग टेम्पोचे ड्रायव्हर, मांडवाची पोरं, पाण्याच्या टाकीवरची माणसं. तेव्हा आचाऱ्याचा हात डेगच्या तळाला लागल्याचा खरड् असा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

सगळ्यांत शेवटी भांडी घासणाऱ्या तीन बाया उरल्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून कामाला आलेल्या. एकीसोबत पाच-सहा वर्षांची मुलगी होती. सकाळी सातपासून राख आणि नारळाच्या शेंड्या घेऊन त्या मोठमोठ्या तपेल्यांशी झुंजत होत्या. त्यांच्यासाठी उरली होती तळाची करपलेली खरवड आणि थोडा दालचा. मी गडबडीनं म्हटलं, बाजारातून पाव आणतो. त्यातली वडीलधारी बाई म्हणाली, ‘राहू द्या भाऊ, आम्ही घरी जाऊन खाऊ.’ रागावून नाही, अगदी सहज म्हणाली. जणू असंच असतं. पोरगी मात्र त्या खरवडीकडे बघत होती.

अब्बा मागे उभे होते, हे मला कळलं नव्हतं. ते मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी घरातली पायलीभर ज्वारी आणि गूळ बायांच्या पदरात बांधून दिला, मजुरी दिली. रात्री सगळं आवरल्यावर खाटेवर पडल्या पडल्या एवढंच म्हणाले, ‘निकाह झाला बेटा. जेवण राहिलं.’

त्या बायांना मी पुढे शोधण्याचा प्रयत्न केला, पण भेट झाली नाही. आमच्याकडची डोंगरातली माणसं मजुरीसाठी गुजरातकडे जातात, ऊसतोडीला जातात. त्या कुठं गेल्या, त्या मुलीचं काय झालं, मला सांगता येणार नाही. म्हणून आज जे सांगतो आहे, ती त्यांची भरपाई नव्हे. तशी भरपाई होत नसते.

माझी चूक काय झाली होती? बेरीज चुकली नव्हती. मी फक्त बोलावलेल्यांची मोजदाद केली होती. ज्यांच्यामुळे कार्य उभं राहतं, त्यांना कुणी पत्रिका देत नाही, म्हणून ते माझ्या रकान्यात बसलेच नाहीत. आमच्याकडे वलीम्याच्या जेवणाबद्दल हदीसमध्ये एक शिकवण आहे: ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावतात आणि गरिबांना वगळतात, ते जेवण वाईट. मी ती लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण गरीब म्हणजे दारावर मागायला येणारा, असं मी धरून चाललो होतो. आपल्याच दारात आपलीच भांडी घासणारा माणूस डोळ्यांपुढे आला नव्हता.

मध्ये बरीच वर्षं गेली. अब्बा गेले. मग करोना आला. एप्रिल २०२१मध्ये आमच्या नात्यातलं एक लग्न होतं, आणि नेमका तेव्हाच राज्यात नियम आला की लग्नाला पंचवीसच माणसं आणि दोन तासांत समारंभ उरकायचा. पंचवीस माणसांची यादी करणं हे पाचशे माणसांच्या यादीपेक्षा अवघड असतं, हे तेव्हा कळलं. मामाला घ्यावं की मावशीला? काही जण म्हणाले, बरं झालं, खर्च वाचला. खर्च वाचला हे खरं. पण त्या दिवशी जेवताना कुणी बोलत नव्हतं. खेड्यात माणसं एकमेकांच्या दारात जेवतात म्हणजे नुसतं पोट भरत नाहीत. मागचं भांडण मिटलं का, नवी सून कोणती, म्हातारा अजून हिंडता-फिरता आहे का, हे सगळं पंगतीत कळतं. म्हणून मोठं जेवण घालूच नये, असं मी म्हणणार नाही. नीट घालावं, एवढंच म्हणतो.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा ती जुनी वही काढली. पहिलं काम तारखेचं. डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास आमच्या तालुक्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या दिवसांत तंबू, भांडी, गाड्या, हाताखालची माणसं, सगळं तिकडे. त्यामुळे डिसेंबर सोडला. आमचे शेजारी आप्पा, जुने आचारी, त्यांनी युक्ती सांगितली: ‘पौषात घ्या सर. आमच्याकडे पौषात लग्नं नसतात. मांडववाला रिकामा, भांडी रिकामी, मीही रिकामा.’ म्हणून वलीमा जानेवारी २०२३मधल्या एका रविवारी, पौषात ठेवला. दुसऱ्याच्या पंचांगाचा असाही उपयोग होतो. शिवाय थंडी असल्यामुळे अन्न लवकर बिघडत नाही, वांगी स्वस्त आणि कोवळी असतात, आणि पाणीही कमी लागतं.

दुसरं काम, काय करायचं ते ठरवणं. पोरांनी मोबाइलवर चौदा पदार्थांची यादी दाखवली. चायनीज होतं, पाणीपुरी होती, तीन प्रकारची आइस्क्रीमं होती. आप्पांनी ती वाचली आणि म्हणाले, ‘पदार्थ वाढले की जेवण वाढत नाही, उष्टं वाढतं.’ माणूस प्रत्येकातलं थोडं घेतो आणि प्रत्येकातलं थोडं टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात एकशे पाच कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं सर्वाधिक घराघरांतून गेलेलं. ज्या जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांचं कुपोषण वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं वाचतो, त्या जिल्ह्यात आपण उष्ट्याची ट्रॉली भरायची?

शेवटी दोन चुली ठरल्या. एकीकडे पुलाव, दालचा, जर्दा. दुसरीकडे आपली खानदेशी वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, साजूक तूप आणि गुळाचा शिरा. शाकाहारी स्वयंपाक आमच्या घरी नव्हे, तर शेजाऱ्यांच्या खळ्यात. भांडी वेगळी, पाणी वेगळं, वाढणारी पोरं वेगळी. ‘चालेल ना?’ असं कुणाला विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. पाहुण्याला विचारावं लागलं म्हणजे तो अर्धा उपाशी राहिला. मांडव मात्र एकच घातला. गंमत अशी झाली की आमची पोरं पुलाव सोडून बट्टीकडे पळत होती.

आता आप्पांचे आकडे सांगतो, लिहून घ्या. बट्टीला एक किलो जाडसर पीठ सहा माणसांना. तुरीची डाळ एक किलो पंधरा माणसांना, कारण बट्टीबरोबर वरण जास्त लागतं. वांगी किलोला सहा माणसं. तूप किलोला चाळीस. म्हणजे साडेतीनशे माणसांना पीठ साठ किलो, डाळ चोवीस, वांगी साठ, तूप नऊ किलो. पुलावाचा तांदूळ किलोला आठ माणसं. पाणी पिण्याचं, हात धुण्याचं, भांड्यांचं मिळून माणशी दहा लिटर. आठशे माणसांना आठ हजार. पाच हजारांचे दोन टँकर सांगायचे, आणि दुसरा पहिल्याबरोबरच आणून उभा करायचा. तिखटासाठी मिरची नंदुरबार बाजारातली, पण आप्पा म्हणतात, मोठ्या जेवणात घरच्यापेक्षा हात आखडता ठेवा. पंगतीत लहान पोरं आणि म्हातारी माणसंही असतात.

वेळेचाही हिशेब असतो. दीडशे माणसांची पंगत बसायला, जेवायला, उठायला आणि जागा झाडून पुन्हा पानं मांडायला चाळीस मिनिटं. तीन पंगतींना दोन तास. तीस माणसांच्या एका ओळीमागे चार वाढपी हवेत, म्हणजे दीडशेला वीस. ती गावातलीच पोरं असावीत. पैसे देऊन आणलेला वाढपी ताटाकडे बघतो. गावातलं पोर तोंडाकडे बघतं, ‘बाबा, अजून घ्या’ म्हणतं.

एक सूचना जिवावर बेतणारी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. मोठ्या डेगेतलं अन्न वरून गार झालं तरी मध्ये तासन् तास कोमट राहतं. त्या कोमटपणातच जंतू वाढतात. भातातले काही जंतू तर शिजवूनही तग धरतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम केल्यावरही जातंच असं नाही. म्हणून अन्न एक तर चांगलं वाफाळतं ठेवा, नाही तर परातीत पातळ पसरून लवकर गार करा. रात्रीचं झाकून ठेवलेलं सकाळी वाटू नका. उरलं तर दोन तासांच्या आत कुणाच्या तरी पोटात जाईल, अशी सोय आधीच लावून ठेवा. आणि खव्याची मिठाई मोठ्या जेवणात टाळलेली बरी. आम्ही टाळली.

४ नोव्हेंबर २०१७ला दिल्लीत इंडिया गेटजवळ एकाच भांड्यात नऊशे अठरा किलो खिचडी शिजवून विक्रम केला होता. मी तो फोटो आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘एवढं एकाच भांड्यात कशाला? एक बिघडलं की सगळं बिघडलं.’ आप्पा नेहमी लहान-लहान भांड्यांत शिजवतात. पहिलं संपत आलं की दुसरं चढवायचं. पहिल्या दोन पंगतींवरून अंदाज येतो आणि तिसरी त्याप्रमाणे शिजते. वाया काही जात नाही.

हे सगळं झालं. पण वहीचं पहिलं पान मी या वेळी निराळं लिहिलं. पाहुण्यांची नावं लिहायच्या आधी, पत्रिका छापायच्याही आधी, सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्यांची यादी केली. मांडववाले आठ. लाइट आणि लाउडस्पीकरवाले चार. टँकरचे दोन. गाड्यांचे ड्रायव्हर बारा. आचारी आणि हाताखालचे चौदा. भांडी घासणाऱ्या बाया सात. झाडलोट करणारे चार. गावातली वाढपी पोरं निराळी, ती मधूनच जेवून घेतात, पण त्यांचीही तेरा पानं धरली, कारण कुणी ना कुणी राहतंच. बेरीज चौसष्ट. त्यांच्यासाठी आठ किलो तांदळाची वेगळी डेग. तिच्या झाकणाला कणीक लावली आणि आचाऱ्यांना सांगितलं, प्रत्यक्ष व्याही जरी उपाशी राहिले, तरी ही उघडायची नाही. बट्टीचंही एक टोपलं तसंच बांधून बाजूला ठेवलं.

दुपारी दोनच्या सुमाराला खरोखर परीक्षेची वेळ आली. सांगितलं नव्हतं अशी एक गाडी भरून माणसं आली. तिसऱ्या पंगतीत पुलाव कमी पडतोय, असं दिसायला लागलं. माझ्या मेहुण्यानं कणीक लावलेल्या डेगेकडे बोट दाखवलं. ‘एवढी मोठी डेग भरलेली आहे की!’ मी नाही म्हटलं. तो चिडला. पाहुण्यांपुढे घराची लाज जाईल म्हणाला. ऐकणारे दोघं-तिघं त्याच्याच बाजूचे. मला वाटतं, त्या दिवशीचा सगळा निर्णय त्या पाच मिनिटांत होता. मी उशिरा आलेल्या पाहुण्यांना हात जोडून शेजारच्या खळ्यात नेलं आणि वरण-बट्टीला बसवलं. बट्टीचा शेवटचा घाणा आप्पांनी तेवढ्यात तळून दिला. पाहुणे आडवा हात मारून जेवले. लाज वगैरे कुठं गेली नाही.

साडेतीन वाजता शेवटची पंगत बसली. मी, माझा मुलगा आणि नवी सून त्यांच्या ओळीत बसलो. मुलाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, तू नवरदेव आहेस, तुझं पान शेवटच्या पंगतीत. कणीक फोडून झाकण काढलं तेव्हा वाफ अशी उसळली की शेजारी बसलेली एक बाई दचकली. मग तिनं आत डोकावून विचारलं, ‘हे आमचंच का?’ मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. तिनं पदरानं हात पुसले आणि पान स्वतःकडे ओढलं.

मी खूश होतो. रात्री आठ वाजता बायको म्हणाली, ‘शेजारच्या वहिनी जेवल्या का, पाहिलंत?’ ज्यांच्या खळ्यात चूल मांडली होती, त्यांच्या घरातल्या वहिनी. पहाटेपासून पाणी, जळण, परात, विळी जे लागेल ते त्या पुरवत होत्या. त्या पाहुण्यांच्या यादीत होत्या, पण दिवसभर त्यांना बसायला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघं ताट घेऊन गेलो. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘आपल्याच घरचं कार्य, मला कोण बोलावणार?’ आणि माझ्या बायकोनं तरी कुठे दुपारी जेवण केलं होतं? मग त्या दोघी ओट्यावर बसून एकाच ताटात जेवल्या, आणि मी वाढलं.

दुसऱ्या दिवशी वहीत मी आणखी एक ओळ लिहिली: घरातल्या बायकांना दुसऱ्या पंगतीत हात धरून बसवणं, आणि हे काम पुरुषांनी करणं. म्हणजे माझी वही अजून पूर्ण झालेली नाही. दर कार्यानंतर कुणी तरी येऊन सांगतं, अमुक राहिलं होतं. मी लिहून घेतो.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात मी एकदा लंगरला बसलो होतो. तिथं पंगती चालूच राहतात, येईल तो बसतो. त्यामुळे शेवटचा असा कुणी उरतच नाही. आपल्या घरच्या कार्यात ते साधणं कठीण. आपल्याकडे कुणी तरी शेवटी राहणारच. तो कोण, हे आधी माहीत असलं की पुरे.

परवाच गावातला एक तरुण वही न्यायला आला होता. बहिणीचं लग्न आहे. त्यानं पहिलं पान उघडलं आणि म्हणाला, ‘सर, यात पाहुणे कुठं आहेत? हे तर मांडववाले, ड्रायव्हर…’ मी म्हटलं, पाहुणे चौथ्या पानावर आहेत. त्यांची काळजी करू नकोस, ते पहिल्या पंगतीला आपोआप येऊन बसतात.